शाळा आपली, इमारत कुणाची?

युटामध्ये लीहायला राहणाऱ्या माझ्या मामेबहिणीचा मध्यंतरी फोन आला. त्यांचा अल्पाइन स्कूल डिस्ट्रिक्ट (एका भागातल्या सरकारी शाळा चालवणारी संस्था), म्हणजे युटातला सगळ्यात मोठा, नोव्हेंबर 2024 च्या मतदानानंतर तीन भागांत वाटला जातोय. नवे डिस्ट्रिक्ट जुलै 2027 पासून कामाला लागणार. "तुमच्याकडे हे सगळं होऊन गेलंय ना गं? मग मी आता नेमकं काय बघत राहू?" असा तिचा प्रश्न. फोनवर तासभर बोलूनही निम्मं सांगायचं राहिलं. शिवाय मेम्फिसकडे बदली होऊन येणारी मराठी मंडळीही दर उन्हाळ्यात हेच विचारतात, की एवढ्याशा भागात इतके वेगवेगळे स्कूल डिस्ट्रिक्ट कसे? म्हणून एकदा तारीखवार लिहून ठेवते.

आमचं गाव जर्मनटाउन, टेनेसी. मेम्फिसला पूर्वेकडून चिकटलेलं, चाळीसेक हजार वस्तीचं. फेडएक्सचं मुख्यालय मेम्फिसला आणि सॉफ्टवेअरचं काम बरंचसं पलीकडच्या कॉलियरव्हिलला, त्यामुळे या दोन गावांत आपली माणसं भरपूर. आम्ही 2010 च्या उन्हाळ्यात आलो. नवऱ्याचा एच-वन (नोकरीचा व्हिसा), माझा एच-फोर (त्याच्या जोडीदाराचा). मुलगी चौथीत जाणार होती, मुलगा अजून शाळेत जायचा होता. भाड्याचं घर बघताना एजंटने नकाशावर बोट ठेवून सांगितलं, "हे घर जर्मनटाउन एलिमेंटरी, मिडल आणि हायस्कूलच्या झोनमध्ये येतं." त्या एका वाक्यावर आम्ही लीजवर सही केली. सगळेच करतात.

माझे वडील सांगली जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. त्यामुळे शाळा परिषदेची की पालिकेची, हा फरक मला लहानपणापासून माहीत. इथे मात्र गावाचं नाव लावलेली शाळा गावाची नसते, हे कळायला वेळ लागला. जर्मनटाउनमधल्या सगळ्या सरकारी शाळा शेल्बी काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या होत्या. मेम्फिस शहराचा स्वतःचा वेगळा डिस्ट्रिक्ट होता, लाखभर मुलांचा. बाकी सगळी उपनगरं मिळून काउंटीचा दुसरा, त्याच्या निम्म्याहून लहान. दोघांच्या मध्ये रेषा आखलेली आणि त्या रेषेला इतिहास चिकटलेला. 1973 मध्ये कोर्टाच्या आदेशाने मेम्फिसमध्ये काळ्या-गोऱ्या मुलांना एकत्र बसवण्यासाठी बस सुरू झाल्या, तेव्हा हजारो गोऱ्या कुटुंबांनी मुलं काढून घेतली. कोणी खाजगी शाळा गाठली, कोणी काउंटीत घर घेतलं. हे मला कुणी बैठकीत सांगितलं नाही. लायब्ररीत बसून वाचलं, कारण लोक एवढे का तापलेत तेच कळेना.

20 डिसेंबर 2010. मेम्फिस शहराच्या शाळा मंडळाने 5 विरुद्ध 4 मतांनी ठरवलं, की आम्ही आमची सनदच परत करतो. म्हणजे शहराचा डिस्ट्रिक्ट बंद, मुलं काउंटीच्या गळ्यात. कारण पैशाचं होतं. काउंटीच्या मंडळाला स्वतःला 'स्पेशल डिस्ट्रिक्ट' करून घ्यायचं होतं. तसं झालं असतं तर हद्दी कायमच्या गोठल्या असत्या आणि उपनगरांचा कर मेम्फिसच्या मुलांपर्यंत पोचायचा थांबेल, अशी भीती शहरात होती. त्यांनी दार बंद व्हायच्या आत पाय घातला. आमच्याकडे नाताळच्या सुट्टीतल्या प्रत्येक जेवणावळीत हाच विषय. एकाने तर त्या रात्रीच मिसिसिपीत, ऑलिव्ह ब्रँचला, घर बघायला सुरुवात केली.

पहिली टीप इथेच देते, कारण ती तेव्हा मला कुणी दिली नाही: घाबरून घर बदलू नका. शाळांचे निर्णय अमेरिकेत कोर्टातून जातात आणि कोर्ट सावकाश चालतं. डिसेंबर 2010 मध्ये सुरू झालेली गोष्ट माझ्या मुलांच्या वर्गापर्यंत पोचली ऑगस्ट 2014 मध्ये. मध्ये एक अख्खी प्राथमिक शाळा होऊन जाते.

फेब्रुवारी 2011 मध्ये राज्याने कायदा केला: विलीनीकरण लगेच नाही, 2013 मध्ये. आणि त्याच कायद्यात उपनगरांसाठी फट ठेवली, की विलीनीकरण झालं की शेल्बी काउंटीतली गावं स्वतःचे डिस्ट्रिक्ट काढू शकतील. त्याआधी राज्यात नवीन डिस्ट्रिक्ट काढायला बंदी होती. 8 मार्चला मेम्फिसकरांनी मतदान केलं, दोन तृतीयांश मतं विलीनीकरणाच्या बाजूने. उपनगरातल्या लोकांना त्यात मत नव्हतं आणि त्याचा राग पुढची तीन वर्षं प्रत्येक सभेत निघाला. आम्हाला तर कशातच मत नव्हतं. हे एच-वनवाल्यांनी नीट समजून घ्या: घरपट्टी भरा, सेल्स टॅक्स भरा, मुलं त्याच शाळेत घाला, मतपत्रिका मात्र मिळणार नाही. सभेत बोलायला बंदी नसते, एवढंच. सिटी हॉलमध्ये नाव आणि पत्ता लिहून दोन-तीन मिनिटं बोलता येतं. पत्ता गावातला असला की झालं, पासपोर्ट कुणी विचारत नाही.

मी जायला लागले ते 2012 च्या सुरुवातीला. सहाही उपनगरांनी (जर्मनटाउन, कॉलियरव्हिल, बार्टलेट, आर्लिंग्टन, लेकलँड, मिलिंग्टन) एकाच सल्लागार कंपनीकडून अहवाल करून घेतले होते, स्वतःचा डिस्ट्रिक्ट परवडेल का याचे. माझ्याकडे वर्क परमिट नव्हतं, वेळ भरपूर होता. मी तो अहवाल छापून घेतला आणि हायलायटर घेऊन बसले. तिघा-चौघींनी मागितला म्हणून त्यांनाही छापून दिला.

पैशाचं गणित सोपं करून सांगते, कारण सभेत ते कधी सोपं करून सांगत नाहीत. राज्य आणि काउंटी मुलांच्या हजेरीच्या प्रमाणात पैसे देतात, म्हणजे मूल जिकडे जाईल तिकडे त्याचा वाटा जातो. गावाने वर किमान काहीतरी घालायचं, असा टेनेसीचा नियम: घरपट्टीच्या हिशेबात 100 डॉलरमागे 15 सेंट येतील इतकं. घराची किंमत 3 लाख डॉलर असेल तर करासाठी तिचे 25 टक्के धरतात, म्हणजे 75 हजार. त्यावर 15 सेंटने वर्षाला 112 डॉलर 50 सेंट. हे ऐकून सभागृहात सगळे हुश्श झाले. आमच्या गावाने तर त्यासाठी घरपट्टीऐवजी अर्धा टक्का सेल्स टॅक्स वाढवला. 9.25 चा 9.75 झाला. भाड्याने राहणारेही तो भरतातच, हे मी माझ्या तीन मिनिटांत बोलून घेतलं. दोन-तीन जण हसले. कामकाजात त्याची नोंद झाली असावी.

पण तो किमान आकडा असतो. नवीन इमारत बांधायची वेळ आली की तो कुठल्या कुठे जातो. अहवालाच्या शेवटाकडे एक परिच्छेद होता, की गावाच्या हद्दीतल्या शाळांच्या इमारती नव्या डिस्ट्रिक्टला मिळतील असं गृहीत धरलं आहे. गृहीत! मी त्याखाली दोनदा रेघ ओढली. सभेत विचारलं तर उत्तर मिळालं, की या राज्यात इमारती मुलांबरोबर जातात अशी वहिवाट आहे, त्या आपल्या करांतूनच बांधल्यात. टाळ्या पडल्या. वडिलांना स्काइपवर सांगितलं. त्यांनी दोनच प्रश्न विचारले: "जागेचा उतारा कुणाच्या नावावर आहे? आणि मास्तरांचा पगार कोण काढणार?" पुढच्या दोन वर्षांचं भांडण याच दोन प्रश्नांवर झालं.

2 ऑगस्ट 2012 ला गावाने मतदान केलं, दणदणीत होकार. नोव्हेंबरच्या सुरुवातीला शाळा मंडळाच्या निवडणुकाही झाल्या, उमेदवार निवडून आले, अभिनंदनं झाली. आणि 27 नोव्हेंबरला फेडरल जजने सगळं रद्द केलं. विलीनीकरणाआधीच मतदान घेऊ देणारा राज्याचा 2012 चा कायदा वरवर सगळ्या राज्यासाठी, प्रत्यक्षात फक्त शेल्बी काउंटीला लागू होणारा, म्हणून राज्याच्या घटनेला धरून नाही. निवडून आलेली माणसं एका दिवसात माजी झाली, शपथ घ्यायच्या आधीच. मला आठवतं ते त्या संध्याकाळचं शाळेबाहेरचं चित्र: मुलांना घ्यायला आलेल्या गाड्यांची रांग आणि प्रत्येक गाडीत कुणीतरी फोनवर. खाजगी शाळांच्या चौकशा त्या हिवाळ्यात पुन्हा वाढल्या. आम्हाला ते परवडणारं नव्हतं, त्यामुळे तो ताप तरी वाचला.

राज्याने मग काय केलं? 2013 च्या वसंतात बंदी संपूर्ण टेनेसीसाठी उठवली. आता कायदा सगळ्यांना सारखा, तक्रारीला जागा नाही. 16 जुलै 2013 ला पुन्हा मतदान. भर उन्हाळ्यात, सुट्टीत. जर्मनटाउनमध्ये दर दहांतल्या नऊहून जास्त मतं 'हो'. सहाही गावांत तोच निकाल.

त्याच जुलैत विलीनीकरण मात्र झालंच. दीड लाखाच्या आसपास मुलांचा एकच डिस्ट्रिक्ट. ज्या वर्षाला सगळे अडीच वर्षं घाबरत होते ते 2013-14 चं वर्ष उजाडलं आणि आमच्या घरात काहीही बदललं नाही. तीच पिवळी बस, तोच थांबा, जेवणाला तोच चौकोनी पिझ्झा. मुलगी सातवीत जर्मनटाउन मिडलला, मुलगा दुसरीत. तिच्या वर्गात गावाबाहेरची मुलं आधीपासूनच होती, कॉर्डोव्हाकडची, दक्षिणेकडच्या कुठल्याच गावात न मोडणाऱ्या भागातली. तिची जिवलग मैत्रीण त्यातलीच, आफ्रिकन-अमेरिकन घरातली. दोघी बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायच्या. तिची आई आणि मी बँडच्या कार्यक्रमांना शेजारी बसायचो.

सप्टेंबरमध्ये बॉम्ब पडला. एकत्र डिस्ट्रिक्टच्या सुपरिंटेंडेंटने, म्हणजे मुख्य अधिकाऱ्याने, प्रस्ताव मांडला, की जर्मनटाउनच्या आठ शाळांपैकी तीन आम्ही ठेवणार: जर्मनटाउन एलिमेंटरी, जर्मनटाउन मिडल, जर्मनटाउन हाय. म्हणजे ज्यांच्या नावात गावाचं नाव आहे नेमक्या त्याच. आणि नेमक्या माझ्या मुलांच्या. त्यांचं म्हणणं असं, की या तीन शाळांतली बहुतेक मुलं जर्मनटाउनची नाहीतच, बाहेरची आहेत. इमारती गावाला दिल्या तर या मुलांना बसवायचं कुठे?

लोक खवळले. अंगणाअंगणांत पाट्या, टीशर्ट, सभेत उभं राहायला जागा नाही. आमच्या दारावरही एकजण पाटी घेऊन आला. नवरा म्हणाला, लावू या, शेजारी काय म्हणतील. मी नको म्हटलं. कारण मी दोन रात्री त्या सुपरिंटेंडेंटच्या म्हणण्याला खोट शोधत होते आणि ती सापडत नव्हती. आम्हाला इमारती हव्या होत्या, त्यातली निम्म्याहून जास्त मुलं नको होती. असं कुणी बोललं नाही, बहुतेकांच्या मनातही नसेल. पण मागणीचा अर्थ तोच निघत होता. काउंटी कमिशनने कोर्टात हाच मुद्दा घेतला होता, की नव्या डिस्ट्रिक्टांमुळे शाळा पुन्हा वर्णावरून विभागल्या जातील. दुसरीकडे, ज्यांची घरं त्या शाळांना चालत जाण्याच्या अंतरावर होती, ज्यांचे आजोबा त्या हायस्कूलला शिकले होते, त्यांचं दुःखही खोटं नव्हतं. सभेत एक म्हातारे गृहस्थ बोलायला उभे राहिले, जुन्या वार्षिकाचा अंक हातात धरून. तीन मिनिटं संपली तरी अध्यक्षांनी घंटा वाजवली नाही.

आपल्या लोकांचं दुखणं वेगळंच होतं. जर्मनटाउन हायला आयबीचा (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट) आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रम होता. अर्धी भारतीय कुटुंबं त्यासाठी त्या झोनमध्ये घरं घेऊन बसली होती. आता शाळा एका डिस्ट्रिक्टची, घर दुसऱ्याच्या हद्दीत. व्हॉट्सअॅपच्या गटावर रोज नवी अफवा. मी तेव्हा एक नियम केला होता, तो सांगते: शाळा मंडळाच्या बैठकीची विषयपत्रिका जोडपत्रांसकट आधी संकेतस्थळावर टाकतात, ती उघडून वाचायची. नकाशे, करार, रकमा, सगळं त्यात असतं. बातमीत दुसऱ्या दिवशी येतं ते त्याचं लोणचं.

तडजोड त्या हिवाळ्यात झाली. कॉलियरव्हिलला हद्दीतल्या सगळ्या शाळा मिळाल्या. जर्मनटाउनला पाच: डॉगवुड, फार्मिंग्टन, रिव्हरडेल, ह्यूस्टन मिडल आणि ह्यूस्टन हाय. बदल्यात गावाने वर्षाला 3,55,453 डॉलर द्यायचे, 12 वर्षं. एकूण साडेबेचाळीस लाखांच्या वर. इमारतींची किंमत म्हणून नव्हे, तर जुन्या निवृत्त कर्मचाऱ्यांच्या आरोग्यविम्याच्या देण्यातला वाटा म्हणून, असं करारात. कोर्टातले दावे त्यासोबत मिटले. तीन शाळा मेम्फिसवाल्या डिस्ट्रिक्टकडे राहिल्या, आमच्या गावाच्या मधोमध. लोक त्यांना 'थ्री जीज' म्हणायला लागले, अजून म्हणतात.

मामेबहिणीला मी जे पुन्हापुन्हा सांगितलं ते हेच. मतपत्रिकेवर प्रश्न एका ओळीचा होता: गावाचा डिस्ट्रिक्ट असावा का? कुठल्या इमारती, कुठली मुलं, किती देणं, यातलं काहीही त्यावर नव्हतं. ते सगळं मतदानानंतर बंद दाराआड, वकिलांच्या टेबलावर ठरलं. शहराने स्वतःचा डिस्ट्रिक्ट काढावा का, असं मला कुणी आज विचारलं तर मी आधी इमारतींची यादी मागेन. ती मतदानाच्या आधी लेखी मिळत नसेल, तर माझं मत (असतं तर) नकाराचं.

आता कागदपत्रांकडे. नोव्हेंबर 2013 मध्ये नवं पाच जणांचं मंडळ निवडून आलं होतं, पुढे सुपरिंटेंडेंट नेमला आणि 2014 च्या वसंतात नोंदणी सुरू झाली. जुन्या डिस्ट्रिक्टमधली नोंद आपोआप येत नव्हती, प्रत्येक मुलाचा पत्ता नव्याने सिद्ध करायचा. आम्हाला लागले ते कागद: घराची लीज (स्वतःचं घर असेल तर मॉर्टगेजचा कागद), ताजं वीज-पाण्याचं बिल, पालकाचं फोटो ओळखपत्र, मुलाचा जन्मदाखला आणि टेनेसीचं लसीकरण प्रमाणपत्र.

लीजवर फक्त नवऱ्याचं नाव असेल आणि नोंदणीला आई जाणार असेल, तर घरमालकाकडून आधीच दोघांची नावं घालून घ्या. आमच्याकडे बिल नवऱ्याच्या नावाने, लीज दोघांच्या नावाने होती, निभावलं. माझ्यापुढे रांगेत एक तेलुगू बाई होती, ती दिराच्या घरी राहत होती आणि तिच्या नावाचा एकही कागद नव्हता. अशा वेळी घरमालकासह नोटरीसमोर प्रतिज्ञापत्र करावं लागतं. बऱ्याच बँका आपल्या खातेदाराला नोटरी फुकट करून देतात, बाहेर पैसे घालवू नका.

लसीचं प्रमाणपत्र भारतातल्या कार्डावर चालत नाही, इथल्या डॉक्टरने राज्याच्या नमुन्यात भरून द्यावं लागतं. आपल्या कार्डावर तारखा दिवस-महिना अशा, इथे महिना-दिवस. 05/08 म्हणजे पाच ऑगस्ट की आठ मे? मुलाच्या बाबतीत नर्सने आठ मे धरलं आणि दोन डोसांमधलं अंतर कमी भरलं. मी घरून येतानाच कार्डाच्या झेरॉक्सवर प्रत्येक तारखेचा महिना अक्षरात लिहून नेला होता म्हणून तिथल्या तिथे सुटलं. सातवीत जाताना टीडॅपचा (धनुर्वात, घटसर्प, डांग्या खोकल्याच्या लसीचा) डोस झाल्याचा पुरावा लागतो, तो मोठीचा झाला होता. जन्मदाखला फक्त मराठीत असेल तर भाषांतर करून नोटरी करून ठेवा. पासपोर्टही जवळ असू द्या.

शिक्षकांचं काय झालं, तर वडिलांचा दुसरा प्रश्न बरोबर निघाला. मोठीच्या गणिताच्या बाईंनी मार्चमध्ये सांगितलं, नव्या डिस्ट्रिक्टकडे अर्ज केलाय, मुलाखत झालीय, बघू. वर्गात शिकवत होत्या, पुढच्या वर्षी नोकरी कुणाची ते ठाऊक नाही. सहा नवे डिस्ट्रिक्ट आणि एक उरलेला, सगळे एकाच वेळी माणसं भरत होते. त्या वर्षी मेम्फिसमधल्या काही शाळा बंदही झाल्या. आमच्या बाईंना ह्यूस्टन मिडलला जागा मिळाली. मुलगी इतकी खूष झाली, की मैत्रीण सोबत येणार नाही हे तिच्या लक्षात यायला दोन दिवस गेले.

ते कळल्यावर घरात जे झालं ते लिहिण्यासारखं नाही. तेरा वर्षांच्या मुलीला हद्द, कर आणि करार समजावून सांगायचा प्रयत्न मी केला. ती म्हणाली, "पण ती तर आमच्याच शाळेत राहणार आहे. जातेय मी." आणि ते खरंच होतं. मैत्रीण जर्मनटाउन मिडललाच राहिली. गावात राहणारी माझी मुलगी तिथून बाहेर पडली.

4 ऑगस्ट 2014 ला नवे डिस्ट्रिक्ट सुरू झाले. पहिले दोन आठवडे पॉप्लर अव्हेन्यूवर आणि वुल्फ रिव्हर बुलेव्हार्डवर सकाळी गाड्यांची नुसती कोंडी, कारण पश्चिमेकडची मुलं आता पूर्वेला जात होती. बसचे मार्ग नवे, वेळा चुकायच्या. असा बदल तुमच्याकडे होणार असेल तर पहिल्या महिन्यात नवरा-बायकोपैकी एकाला सकाळी उशिरा कामावर जाण्याची सोय करून ठेवा आणि शाळा सुरू व्हायच्या आदल्या रविवारी एकदा रस्ता गाडीने पालथा घाला.

बरं काय झालं? झालं ना. सुपरिंटेंडेंट दुकानात भेटायचा, ईमेलला दुसऱ्या दिवशी उत्तर यायचं. पाच शाळांचा डिस्ट्रिक्ट म्हणजे तक्रार कुठे अडकली ते लगेच कळतं. निकाल चांगले लागले. अर्थात या गावातल्या मुलांचे ते आधीही लागतच होते, त्यामुळे त्याचं श्रेय नव्या पाटीला देताना मी हात आखडता घेते. खर्चही वाढला. 15 सेंटांवर कुणीच थांबलं नाही. कॉलियरव्हिलने 2018 मध्ये मोठं नवं हायस्कूल उघडलं. आमच्याकडे 2019 मध्ये फॉरेस्ट हिल एलिमेंटरी नव्याने बांधून झाली, कारण ज्या इमारती गावात होत्या त्यातल्या तीन आमच्या नव्हत्या. आम्ही 2016 मध्ये घर घेतलं, तेव्हा घरपट्टीच्या बिलात हे सगळं मला ओळीओळीने दिसायला लागलं.

मुलगी 2019 मध्ये ह्यूस्टन हायमधून बाहेर पडली. आयबी राहून गेलं, एपीचे (हायस्कूलमध्येच कॉलेजच्या दर्जाचे) विषय घेतले, कॉलेजला काही अडलं नाही. मैत्रीण जर्मनटाउन हायलाच शिकली, तिथल्या टीव्ही स्टुडिओत रमली. दोघींचं पहिलं वर्षभर रोज बोलणं व्हायचं, मग वाढदिवसांना. त्यांच्या बँडचे कार्यक्रम वेगळ्या सभागृहांत व्हायला लागले तशी तिच्या आईची आणि माझी गाठ पडायचंही कारण उरलं नाही. एकदा कॉस्टकोत भेटली. तिने विचारलं, "तुमच्या लोकांना आमची शाळा अजून हवीच आहे का?" मी म्हटलं, हवीच आहे. दोघी हसलो, पण ती चेष्टा नव्हती.

2022 मध्ये राज्याने पुन्हा कायदा केला, की एका डिस्ट्रिक्टने दुसऱ्याच्या हद्दीत शाळा चालवायच्या नाहीत. वर्षाअखेरीस करार झाला: थ्री जीज टप्प्याटप्प्याने रिकाम्या होणार आणि तिथल्या मुलांसाठी कॉर्डोव्हाकडे नवं हायस्कूल बांधायचं. मैत्रिणीच्या धाकट्या भावाच्या वेळी हायस्कूल कुठलं, हे त्यांच्या आईला तेव्हा कुणी सांगू शकत नव्हतं. मी त्या बैठकीच्या विषयपत्रिकेची लिंक तिला पाठवली. जोडपत्रातला नकाशा कुठल्या पानावर आहे तेही लिहिलं, कारण ती फाईल शंभरेक पानांची असते आणि नकाशा नेहमी शेवटी टाकतात.